आमची वाटचाल : पाच-बारा-तेराचा शंकू

पुण्यात सहावी ते आठवीच्या गणित-विज्ञानाचं साहित्य बनवणारे तसे बरेच आहेत, पण पत्र्याचा शंकू आणि वृत्तचिती (सिलिंडर) आतल्या मापाने बरोब्बर देणारे आम्हीच, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगतो. २००७ साली सुरुवात केली तेव्हा मी आणि दादा दोघंच. दादा पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर, हातात व्हर्निअर असला की बाकी जग विसरायचे. जुनी लेथ घेतली, बोहरी आळीतून पत्रा, कथील, चकत्यांचे चुंबक आणले. आयुका या खगोलसंस्थेच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांची काड्यांची आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी बघून डोकं चालायला लागलं होतंच, फक्त आम्हाला वर्षानुवर्षं टिकेल आणि मापात असेल असं काहीतरी करायचं होतं.

शंकूचं माप दादांनीच ठरवलं. त्रिज्या ५ सेंटिमीटर, उंची १२, मग तिरकी उंची आपोआप १३ येते, पायथागोरसचं त्रिकूट. सपाट पत्र्यावर १३ त्रिज्येची साधारण एकशे साडेअडतीस अंशांची पाकळी कापायची, जोडाला पट्टी वेगळी सोडायची, लाकडी फर्म्यावर गुंडाळायची आणि कथलाचा डाग देऊन सांधायची. घनफळ येतं ३१४ मिली. आता मुलाने ते पाणी मोजपात्रात ओतलं आणि ३१४ दिसलं की त्याला पाय (π, ३.१४) कुणी शिकवावा लागत नाही हो, ते स्वतःच ओरडतं. आणि तोच शंकू तीनदा ओतला की तेवढ्याच पायाची नि उंचीची वृत्तचिती काठोकाठ भरते. शंकूचं सूत्र पुस्तकात पुढे येतं हे मला माहीत आहे, तरी आठवीला वृत्तचिती चालू असतानाच शंकू हातात द्या, सूत्र येईल तेव्हा येईल.

आमचं पहिलं खरं गिऱ्हाईक म्हणजे वेल्ह्याकडच्या जिल्हा परिषद शाळेतल्या एक बाई. स्वतःच्या पगारातून एक संच नेला, पुढच्या वर्षी अजून दोन. त्यांच्या वर्गात एका मुलीने विचारलं, शंकू टोकावर उभा धरून निम्म्या उंचीपर्यंत भरला तर अर्धं पाणी होईल ना? बाईंनी उत्तर दिलं नाही, सगळ्यांचे हात वर करून मतं घेतली, अर्ध्याला भरपूर मतं, पाव म्हणणारे थोडे, आणि मग मोजलं तर जेमतेम ३९ मिली, म्हणजे आठवा भाग! बाईंनी फोन करून सांगितलं, तेव्हापासून आमच्या प्रत्येक शंकूला आतून ६ सेंटिमीटरवर रेघ असते. ती रेघ त्या वर्गाची आहे.

मग तो प्रकार झाला. एका पुरवठादाराने आमचा संच विकत घेतला, बाहेरून मापं घेतली आणि साच्यात प्लास्टिकचा माल काढला. रंगीत, चकचकीत, वर पारदर्शक डबा, दर आमच्या जवळपास निम्मा. माहितीपत्रकसुद्धा आमचंच, पाच-बारा-तेराची आकृती जशीच्या तशी. दोन तालुक्यांची ऑर्डर आमच्याकडे तोंडी पक्की होती, त्या भरवशावर पत्रा भरून ठेवलेला, ती रातोरात तिकडे गेली. पत्र्याच्या व्यापाऱ्याची उधारी, गाळ्याचं भाडं, दादांचा पगार, सगळं एकदम अंगावर. दादा म्हणाले माझं राहू दे, पण लेथ विकायची नाही. वर्षभर आम्ही फरसाणवाल्यांचे डबे करून दिले, जॉबवर्कवर दिवस काढले.

आता त्या मालात काय होतं ते ऐका, कारण हे कुणी सांगत नाही. प्लास्टिकची भिंत जाड. बाहेरचं माप आमचं, पण आतली जागा कमी, आणि भिंत सारखीच जाड असली तरी शंकूचं आतलं घनफळ वृत्तचितीपेक्षा जास्त प्रमाणात घटतं. तीनदा ओतून वर रिकामं राहायचं. शेकडो मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी ‘तीनदा’ खोटं ठरताना बघितलं, आणि शिक्षकांनी काय करावं, म्हणायचे थोडं सांडलं असेल. पैशांचं मी विसरलो, हे नाही विसरलो.

बाईंनीच मार्ग काढला. केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत दोन्ही शंकू टेबलावर ठेवले, शेजारी मोजपात्र, एक शब्द न बोलता पाणी ओतलं. आमचा ३१४ च्या आसपास, तो अडीचशेच्या थोडा वर. त्या आठवड्यात फोन सुरू झाले, बरेचसे शिक्षक वर्गणी काढून घेणारे. लेथ वाचली. तो पुरवठादार अजून तोच माल विकतोय.

त्यानंतरची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दादा २०१९ ला गेले, फर्मे त्यांचेच वापरतो.

बाकी शिक्षक मंडळींना एक सांगतो. साहित्य कपाटात कुलपात ठेवू नका, पोचा आला तर आमच्याकडे पाठवा, ठोकून देतो. टेबलावरून प्रयोग दाखवू नका, चार मुलांत एक संच द्या, आणि आधी अंदाज वहीत लिहून घ्या मगच पाणी ओता. लंबक करताना लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजा, २५ सेंटिमीटरला जाऊन-येऊन एक झोका साधारण एक सेकंदाचा येतो, तो दोन सेकंदाचा करायचा तर दोरा किती हवा हे विचारा, सगळी मुलं ५० म्हणतात, हवा असतो मीटरभर. आणि साहित्याला पैसेच नसतील तर आपल्या देवळालीच्या गणिती कापरेकर गुरुजींचा ६१७४ हा आकडा घ्या. चार अंक, सगळे सारखे नकोत, त्यांच्यापासून होणाऱ्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान वजा करा, उत्तराच्या अंकांचं पुन्हा तेच करत जा, जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतो. सहावीचा वर्ग तासभर न कंटाळता वजाबाकी करतो, त्यासाठी आमच्याकडून काही घ्यायला नको.

संच हवे असतील तर एप्रिलमध्येच सांगा. मार्चएंडचं बिल आणि जूनचा माल हे दोन्ही एकदम होत नाही, डाग देणारा हात एकच आहे.