वीजकेंद्राच्या भिंतीवरचे देवमासे

आई अलिबागहून पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा मी तिला हॉलिवूडच्या आधी रेडोंडो बीचला नेलं, वीजकेंद्राची भिंत बघायला. कॅलिफोर्नियात हार्बर ड्राइव्हला लागून हे जुनं अवाढव्य पॉवर प्लँट आहे, धुरांडीबिरांडी सगळं, आणि त्याच्या भल्यामोठ्या भिंतीवर करडे देवमासे पोहतायत. वायलंड नावाच्या चित्रकाराने १९९१ मध्ये काढलेत. त्याने १९८१ ते २००८ ह्या काळात अशा शंभर भिंती रंगवल्या आणि देवमासे तो खऱ्या आकाराचे काढतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुस्तकात "चाळीस-पंचेचाळीस फूट" वाचून काही कळत नाही हो, भिंतीखाली उभं राहिलं की कळतं.

आई बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, ह्यांच्या अंगावर हे पांढरं काय गं, आपल्या खडकांवर कालवं असतात तसं? ती लहानपणी ओहोटीला कोयता घेऊन कालवं काढायला जायची, तिचं लक्ष बरोब्बर तिकडेच गेलं. ते बार्नॅकल्स असतात, दिसतात शिंपल्यासारखे पण कूळ खेकडा-कोलंबीचं, आणि करड्या देवमाशाच्या कातडीत घट्ट रुतून बसतात. मला हे माहीत व्हायला दोन वर्षं लागली होती!

हे देवमासे उन्हाळाभर अलास्काच्या पलीकडे बेरिंग आणि चुकची समुद्रात तळाचा चिखल गाळून खातात, थंडीत इथूनच खाली मेक्सिकोत बाहा द्वीपकल्पाच्या खाजणांमध्ये पिल्लं घालायला जातात, आणि मग परत. येऊन-जाऊन १५-२० हजार किलोमीटर. जवळच पॉइंट व्हिसेंटे नावाच्या टोकावर डिसेंबर ते मे रोज स्वयंसेवक दुर्बिणी घेऊन बसतात आणि एकेक देवमासा मोजतात, बरीचशी आजीआजोबांच्या वयाची माणसं, थर्मास आणि खुर्ची घेऊन. मी एप्रिलमध्ये तिथे गेले होते, एक आई पिल्लाला किनाऱ्याच्या अगदी जवळून घेऊन चालली होती, पिल्लाचा फवारा आईच्या फवाऱ्याच्या निम्मा, आणि मला रडूच आलं.

एक गोष्ट मात्र खूप दिवस खुपत होती. हे वीजकेंद्र थंड राहायला समुद्राचंच पाणी ओढायचं आणि गरम करून परत सोडायचं, त्या पाण्याबरोबर माशांची अंडी, अगदी बारीक पिल्लं आत जाऊन मरायची. कॅलिफोर्नियातल्या किनाऱ्यावरच्या बऱ्याच केंद्रांची हीच पद्धत होती, म्हणून २०१० मध्ये राज्याने ती टप्प्याटप्प्याने बंद करायचं धोरण आणलं. रेडोंडोला मुदतवाढ मिळत गेली आणि शेवटी २०२३ च्या अखेरीला केंद्र बंद झालं. आत समुद्र मरतोय आणि बाहेर समुद्राचं चित्र, हे मला सहन व्हायचं नाही. पण मग वाटलं की ती भिंत नसती तर आत काय चालतं हे मी विचारलंच नसतं, बाकीच्या पॉवर प्लँटसमोरून मी अशीच जाते ना.

आता त्या जागेचं काय करायचं यावर शहरात कित्येक वर्षं वाद चालूय. माझं मत स्पष्ट आहे, बाकी काय पाडायचं ते पाडा, भिंत ठेवा. करडे देवमासे २०१६ ला सुमारे २७,००० होते, २०२५ च्या अंदाजात १३,००० च्या आसपास, आर्क्टिकमधलं खाणं बदललंय, कितीतरी उपाशी, हडकलेले वाहून आले किनाऱ्यावर. अशा वेळी ती भिंत पुसायची?

आईने अलिबागला घरी गेल्यावर वेगळंच काढलं. तिथे आमच्या किनाऱ्याजवळ नळपाणी योजनेचं पंपघर आहे, चारही भिंती कोऱ्या, नाहीतर निवडणुकीच्या घोषणा. तिथे आपल्या समुद्रातलं काढू म्हणते, शाळेतल्या पोरांकडून. पापलेट हवंच, २०२३ पासून राज्यमासा आहे तो, पण खऱ्या आकारात काढलं तर वीतभर, मग एवढ्या मोठ्या भिंतीवर थवाच काढायला लागेल. समुद्री कासव दोन-अडीच फूट. आपल्याकडचा कुबड असलेला डॉल्फिन आठ फुटांच्या आसपास, तो आरामात बसेल. काल भाच्याने टेप लावून फोटो पाठवला, समुद्राकडची भिंत चौदा फूट आहे, मधे विजेच्या मीटरची एक पेटी येते तेवढी सोडायची.