मण्यांना सुटणारा घाम

१९व्या शतकात व्हेनिस आणि बोहेमियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) घडलेले काचेचे बारीक मणी व्यापाऱ्यांमार्फत उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींपर्यंत पोहोचले आणि त्यांच्या चामडी पादत्राणांवर, पिशव्यांवर टाचले गेले. आज संग्रहालयांच्या कपाटांत त्यांतील काही मणी चिकट होतात, तर काही तडकून फुटतात. दोष मूळ कृतीतच असतो. वाळू कमी तापमानाला वितळावी म्हणून घातलेला सोडा किंवा पोटॅश (सोडियम वा पोटॅशियमचे क्षार) जास्त आणि काच टिकवणारा चुना कमी पडला, की हवेतील ओलावा हे क्षार बाहेर ओढतो, पृष्ठभागावर निसरडे थेंब साचतात, आणि हवा कोरडी झाली की पांढरे स्फटिक उरून वरच्या थराला बारीक भेगा जातात. शेजारी चामडे असेल, तर त्यातील स्निग्धाम्ले (तेला-चरबीतील आम्ले) क्षारांशी मिळून चक्क साबण तयार करतात! मला सर्वांत नवल वाटते ते याचे, की एकाच नक्षीतील पांढरे मणी ठणठणीत असताना निळे, लाल किंवा काळे मात्र खंगलेले आढळतात, कारण प्रत्येक रंगाच्या काचेचे मिश्रण वेगळे होते. झालेली हानी भरून निघत नाही. सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास स्थिर राखणे आणि साचलेले क्षार हलक्या हाताने पुसणे, एवढेच संवर्धकाला करता येते.