लेव्हल वन करू का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

“ताई, एमए झालं, तीन वर्षं काउन्सेलिंग करतेय. ट्रॉमाचे क्लायंट वाढलेत. थोडे पैसे बाजूला ठेवलेत. आयएफएस या थेरपीचं लेव्हल वन, म्हणजे पहिल्या पातळीचं ट्रेनिंग, करू का?” सुपरव्हिजनला, म्हणजे आपलं काम अनुभवी थेरपिस्टकडून तपासून घ्यायला, येणाऱ्या तरुण थेरपिस्टांकडून हा प्रश्न मला सतत येतो. क्लायंट तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारतात: “मॅडम, तुम्ही त्यातल्या सर्टिफाइड आहात का?”

माझं उत्तर असं की जरूर करा, पण ट्रॉमाच्या कामातलं ते तुमचं पहिलं ट्रेनिंग नसावं. आणि साठवलेले सगळे पैसे त्यात घालू नका.

आयएफएस म्हणजे इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स. रिचर्ड श्वार्ट्झ हे अमेरिकेतले फॅमिली थेरपिस्ट. 1980 च्या दशकात ते शिकागोत बुलिमिया असलेल्या तरुण रुग्णांबरोबर काम करत होते. घरातले ताण सोडवले की मुलींचं अधाशासारखं खाणं आणि उलट्या काढणं थांबेल, अशी अपेक्षा होती. घर सावरूनही काहींचं ते थांबेना. त्या सांगत, आत एक जण सारखं टोचून बोलतं, त्याने आतलंच कुणीतरी दुखावतं, मग तिसरं कुणीतरी खायला बसवतं. श्वार्ट्झ यांनी कुटुंबाकडे बघायची नजर या आतल्या मंडळींकडे वळवली. दुखणं वर येऊ नये म्हणून आधीच सगळं ताब्यात ठेवणारे पार्ट ते मॅनेजर. दुखणं वर आलंच तर दारू, खाणं, ब्लेड, जे हाताला लागेल त्याने ते विझवणारे फायरफायटर. आणि ज्यांना कोंडून ठेवलंय ते एक्झाइल. या सगळ्यांपलीकडे माणसात एक शांत, कुतूहल असलेलं, करुणेने बघू शकणारं केंद्र असतं, त्याला ते सेल्फ म्हणतात. थेरपिस्टने त्या केंद्राला वाट करून द्यायची.

पार्ट्सची कल्पना मात्र त्यांच्यापाशी सुरू झाली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये पियर जाने यांनी आघातानंतर मन कसं तुटक होतं हे मांडलं होतं. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या चार्ल्स मायर्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने एकाच माणसातलं रोजचे व्यवहार सांभाळणारं व्यक्तिमत्त्व आणि आघातात अडकून राहिलेलं व्यक्तिमत्त्व यांचं वर्णन केलं. पुढे ओनो व्हॅन डर हार्ट, एलर्ट नायेनहाउस आणि कॅथी स्टील यांनी त्यावर स्ट्रक्चरल डिसोसिएशनचा, म्हणजे आघाताने व्यक्तिमत्त्वाचे भाग तुटून वेगळे होण्याचा, सिद्धांत उभारला. जॉन आणि हेलन वॉटकिन्स यांची ईगो स्टेट थेरपी आहे, जनिना फिशर यांची पद्धत आहे. म्हणून ‘पार्ट्स वर्क शिकले’ असं कुणी सांगितलं की मी विचारते, कुणाचं?

आता ट्रेनिंग. आयएफएसच्या लेव्हल वनमध्ये व्याख्यानं असतात, प्रशिक्षक सगळ्यांसमोर सेशन करून दाखवतात, आणि बराच वेळ तिघातिघांच्या गटात सराव असतो. एक थेरपिस्ट, एक क्लायंट, एक निरीक्षक, आणि जवळ बसलेला अनुभवी सहायक. क्लायंट होणाऱ्याने नाटक करायचं नसतं, स्वतःचा खरा पार्ट घेऊन बसायचं असतं. मला या ट्रेनिंगचं सगळ्यात मोल वाटतं ते इथे. दुसऱ्याला ‘या पार्टबद्दल तुला काय वाटतं?’ असं विचारणं सोपं असतं. तोच प्रश्न आपल्याला विचारला गेला आणि ‘मला त्याची लाज वाटते’ असं उत्तर तोंडातून निघालं, की समोरच्याच्या घाईने काय होतं हे अंगावर कळतं. थेरपिस्टच्या आतही पार्ट असतात. एकाला क्लायंट लवकर बरी करून दाखवायची असते, दुसरा रडणं बघून घाबरतो, तिसऱ्याला शहाणं दिसायचं असतं. ते ओळखता आले नाहीत तर सेशन तेच चालवतात.

लेव्हल वन झालं म्हणजे सर्टिफाइड झालं, असं नाही. हा गैरसमज फार पसरलाय. सर्टिफिकेशनसाठी पुढचं प्रशिक्षण लागतं, क्लायंटबरोबर या पद्धतीने केलेल्या कामाचे तास लागतात, सर्टिफाइड व्यक्तीकडून कन्सल्टेशन घ्यावं लागतं आणि रेकॉर्ड केलेलं सेशन तपासायला द्यावं लागतं. रेकॉर्डिंगची ही अट मला सगळ्यात आवडते, कारण थेरपिस्ट सेशनबद्दल जे सांगतो आणि सेशनमध्ये जे होतं त्यात अंतर असतं. ‘आयएफएस इन्फॉर्म्ड’ असं प्रोफाइलवर लिहिलेलं दिसलं तर त्यामागे पुस्तक वाचण्यापासून छोट्या ऑनलाइन कोर्सपर्यंत काहीही असू शकतं. त्यात वाईट काही नाही, फक्त क्लायंटने ते ‘सर्टिफाइड’ म्हणून वाचू नये.

आणि हे सर्टिफिकेट देते एक खासगी संस्था. तो परवाना नव्हे. त्या संस्थेतच परवानाधारक थेरपिस्टसाठी एक आणि इतर प्रॅक्टिशनरसाठी दुसरं, असे वेगळे मार्ग आहेत. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला 1992 च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, नोंदवहीत नाव असावं लागतं. काउन्सेलर आणि इतर मानसशास्त्रज्ञांना 2021 च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याने कक्षेत घेतलंय. पण ‘ट्रॉमा थेरपिस्ट’ ही पाटी लावायला आज कुणी अडवत नाही. म्हणून परदेशी सर्टिफिकेट मूळ शिक्षणाच्या जागी ठेवलं जातं, आणि मला काळजी वाटते ती याची.

माझ्या कामात भेटलेल्या अनेकींना एकत्र करून एक बाई समोर ठेवते, ही कुणा एकीची गोष्ट नाही. चाळिशीतली शिक्षिका, कामात चोख, घरात सगळ्यांची. लहानपणी मार खाल्लेला, आणि माराहून वाईटही सोसलेलं. नवीन शिकून आलेली थेरपिस्ट तिसऱ्याच सेशनमध्ये म्हणते, डोळे मिटा, आतल्या त्या छोट्या मुलीकडे जा. बाई जातात, खूप रडतात. थेरपिस्टला वाटतं, आज खोल काम झालं. त्या संध्याकाळी स्कूटर चालवून घरी कशा आल्या हे बाईंना आठवत नाही. पुढचे चार दिवस झोप नाही, आणि लग्नाआधी सुटलेली हातावर कापून घ्यायची सवय परत येते.

आयएफएसच्या भाषेत सांगायचं तर राखणदारांना, म्हणजे मॅनेजर आणि फायरफायटर पार्ट्सना, न विचारता आत शिरणं झालं. आयएफएस नीट शिकलेला माणूस असं करणार नाही, तिथे परवानगीवरच सगळा भर आहे. पण परवानगी आहे की बाई मोठ्यांसमोर नेहमी मान डोलवतात तशी डोलवतायत, हे ओळखायला वेगळी तयारी लागते. बोलता बोलता नजर खिडकीवर थिजते, आवाज बारीक होतो, हात गार पडतात, मधलं वाक्यच गळून जातं. ही डिसोसिएशनची, म्हणजे मन समोरच्या क्षणापासून तुटल्याची, चिन्हं. ती दिसली की डोळे उघडायला सांगायचं, पाय जमिनीला टेकवायचे, खोलीतल्या चार वस्तूंची नावं विचारायची, आणि त्या दिवशी पुढे जायचं नाही. पहिल्या काही भेटींत झोप, दारू, आत्महत्येचे विचार, घरात आजही मार चालू आहे का, हे विचारायचं. 28 प्रश्नांची डिसोसिएटिव्ह एक्स्पीरिअन्सेस स्केल 1986 पासून उपलब्ध आहे. ती भरून घेतल्याने निदान होत नाही, पण कुठे जपून पाऊल टाकायचं ते कळतं.

इथे थेरपीच्या परंपरांमध्ये मतभेद आहेत आणि शिकणाऱ्याने ते माहीत करून घ्यावेत. जाने यांच्यापासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांच्यापर्यंत चालत आलेली परंपरा तीन टप्पे सांगते: आधी सुरक्षितता आणि स्थैर्य, मग आठवणींचं काम आणि शोक, मग पुन्हा जगाशी जोडून घेणं. श्वार्ट्झ यांचं म्हणणं, राखणदारांशी आदराने बोललात तर स्थैर्याचा वेगळा लांब टप्पा लागतोच असं नाही. सौम्य त्रासाच्या क्लायंटबाबत मला त्यांचं पटतं. वर्षानुवर्षं बालपणीचा छळ सोसलेल्या, वेळेचे तुकडे हरवणाऱ्या माणसाबाबत मी जुन्या परंपरेच्या बाजूने आहे. महिनोन्महिने फक्त राखणदारांशी ओळख करून घेण्यात गेले तरी ते काम वाया जात नाही.

आठवणींचंही तसंच. एखादा पार्ट जे दाखवतो ते त्याच्या वेदनेचं सत्य असतं, पोलिसांत द्यायचा पंचनामा नसतो. ‘अजून बघा, तिथे आणखी कोण होतं?’ असं थेरपिस्टने खोदून विचारू नये. सुचवून आठवणी तयार होतात. अमेरिकेत 1980 आणि 90 च्या दशकांत अशा थेरपीतून कुटुंबं मोडली आणि खटले झाले. तो इतिहास ट्रॉमाचं काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवा.

पुराव्याबद्दलही सरळ बोलायला हवं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संधिवाताच्या 79 रुग्णांपैकी आयएफएस घेतलेल्यांच्या वेदना आणि नैराश्याची लक्षणं, केवळ आजाराची माहिती दिलेल्या गटापेक्षा कमी झाली. बालपणी अनेक आघात सोसलेल्या 17 प्रौढांवरच्या पथदर्शी अभ्यासाचे निष्कर्ष उत्साह वाढवणारे आहेत, पण 17 माणसं आणि तुलनेला दुसरा गट नाही. पीटीएसडीसाठी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या त्रासासाठी, ट्रॉमा-केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींबरोबर आठवणींवर काम करणारी थेरपी) यांच्यामागे पुराव्याचं बळ कितीतरी मोठं आहे. आयएफएस मला प्रिय आहे, तरी क्लायंटला हे सांगणं मी टाळत नाही.

आपल्या मातीतल्या काही गोष्टी कुठल्याच परदेशी ट्रेनिंगमध्ये पुरेशा येत नाहीत. अंगात येणं घ्या. 2013 च्या डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डरच्या, म्हणजे एकाच माणसात वेगवेगळी व्यक्तिमत्त्वं वावरण्याच्या विकाराच्या, निकषात संचाराचा उल्लेख आला, आणि रूढ धार्मिक प्रथेचा भाग असेल तर तो विकार धरायचा नाही हेही तिथे आहे. मंगळवारी देवीच्या देवळात अंगात येणारी आणि इतर दिवशी संसार नीट करणारी बाई आजारी नाही. नको असताना, दुपारी ऑफिसात संचार होतो आणि नंतर काहीच आठवत नाही, तिची गोष्ट वेगळी. ‘देवी म्हणजे तुमचा एक पार्ट’ असं तिला सांगणारा थेरपिस्ट तिला पुन्हा दिसणार नाही.

कायदाही आहेच. पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा कलम 21 खाली गुन्हा. सोळा वर्षांची मुलगी पार्ट्सच्या भाषेत तुम्हाला काही सांगू लागली तर गोपनीयतेची मर्यादा कुठवर, हे तिला पहिल्याच भेटीत सांगितलेलं असलं पाहिजे. अमेरिकन प्रशिक्षक हे शिकवू शकत नाही, त्याच्याकडून ती अपेक्षाही नाही.

तेव्हा पैशांचं म्हणाल तर लेव्हल वनची फी काही हजार डॉलर असते. मागणी इतकी की जागांसाठी लॉटरीही काढावी लागली होती. शिष्यवृत्ती असते, तिच्यासाठी अर्ज करायला संकोचू नका. पण माझ्याकडे तेवढे पैसे असते तर निम्मे मी आधी सुपरव्हिजनवर घातले असते: डिसोसिएशनचं काम वर्षानुवर्षं केलेल्या एखाद्या थेरपिस्टबरोबर वर्षभर, दर पंधरा दिवसांनी. सोबत ट्रॉमाचं मूल्यमापन आणि स्थैर्याची कौशल्यं शिकवणारा पायाभूत कोर्स, औषधांसाठी हाकेला येणारा सायकियाट्रिस्ट, आणि स्वतःची थेरपी. त्यानंतर लेव्हल वन केलंत तर तिथला प्रत्येक दिवस तुम्हाला दुप्पट देईल.

सर्टिफिकेटबद्दल विचारणाऱ्या क्लायंटना मी माझं शिक्षण, नोंदणी आणि लेव्हल सांगते, आणि आणखी तीन प्रश्न विचारायला सुचवते. तुमचं सुपरव्हिजन कोण करतं? मला सेशनमध्ये थांबावंसं वाटलं तर तुम्ही काय कराल? दोन सेशनच्या मध्ये मला फार त्रास झाला तर मी कुणाला फोन करू? शेवटच्याचं उत्तर नुसतं ‘मला’ असं आलं तर आणखी चौकशी करा. थेरपिस्टने रात्रीच्या वेळेसाठी घरातलं कुणी, जवळचं हॉस्पिटल आणि टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तुमच्याबरोबर बसून आधीच लिहून ठेवलेला असावा.

ट्रेनिंगला जागा मिळाली नाही तर वाट बघत बसू नका. तिघं जण जमा, महिन्यातून दोनदा, आणि मराठीत सराव करा, कारण ट्रेनिंग इंग्रजीत होतं पण तुमच्यासमोर रडणारा माणूस मराठीत रडतो. सरावाला रोजच्यातलाच पार्ट घ्या, सासूच्या फोनने चिडणारा किंवा रविवारी संध्याकाळी उदास होणारा. जुना आघात तिथे काढायचा नाही हे आधी ठरवा, आणि कुणाचा एखादा पार्ट ‘आज नको’ म्हणाला तर चहा करा.