सिंगापुरात भाड्याचं घर: भाडं नंतर, फोडणीचं आधी विचारा

सिंगापूरला नोकरीसाठी निघालेल्या माणसाला इकडून एकच धीर दिला जातो, ‘काळजी करू नका, तिकडे सगळं सिस्टिमॅटिक असतं.’ मेट्रो आहे सिस्टिमॅटिक, रस्ते आहेत, बँकही आहे. घर शोधणं नाही. निदान आपल्या कढईसकट शोधणं तर मुळीच नाही. नवरा आणि मी, दोघांचं मिळून घर शोधण्यात जी दमछाक झाली तिच्यातून अजून नीट बाहेर आलेलो नाही, तेव्हा खालचा सूर कुठे कडक वाटला तर समजून घ्या.

कागदपत्रं जवळ आहेत, वर्क पास मंजूर आहे आणि दुपारच्या दमट उन्हात चार घरं चढून-उतरून बघायची ताकद आहे, असं धरून चालते.

आधी भाषा. ‘टूबीएचके’ म्हणालात तर समोरचा गप्प बसतो. एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माणाच्या इमारतींत (देशातले बहुसंख्य लोक यांतच राहतात) हॉलसुद्धा खोली म्हणून मोजतात. ‘थ्री-रूम’ म्हणजे दोन बेडरूम आणि हॉल, ‘फोर-रूम’ म्हणजे तीन बेडरूम आणि हॉल. नव्या इमारतींत स्वयंपाकघराजवळ जाड लोखंडी दाराची एक कोंदट खोली दिसेल. तो बॉम्ब शेल्टर. एजंट तिला ‘एक्स्ट्रा रूम’ म्हणून खपवतो, पण तिथे बॅगा ठेवायच्या. तिच्या भिंतींत मनाला येईल तसं ड्रिल किंवा तोडफोड करता येत नाही.

जाहिरातीतलं ‘एमआरटीपासून (म्हणजे मेट्रोपासून) ५ मिनिटं’ हे बहुधा बस लगेच मिळाली तर. पत्ता नकाशात घालून पायी अंतर स्वतः बघा. पश्चिमेकडे तोंड असलेली बेडरूम स्वस्त पडली तरी घेऊ नका. एसीचं बिल भरून ती महागच पडते.

आता मुख्य दुखणं. जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘कुकिंग अलाउड’. आपण खूश. घर बघायला गेल्यावर कळतं ते ‘लाइट कुकिंग’ आहे. लाइट म्हणजे किती? एका घरमालकीणबाईंनी बोटांवर मोजून सांगितलं: नूडल्स चालतील, अंडं उकडलेलं चालेल, मायक्रोवेव्ह कितीही वापरा. तेल तापवायचं नाही. म्हणजे फोडणी नाही, म्हणजे वरण नाही, पोहे नाहीत, काहीच नाही. दुसरीकडे शेगडी होती, पण तिच्यावर प्लास्टिकचं आवरण घट्ट चिकटवलेलं आणि ते काढायचं नाही अशी अट. तिसऱ्या ठिकाणी तर कराराच्या मसुद्यात एक कलम निघालं की घर सोडताना मसाल्याचा वास राहिल्यास संपूर्ण घराला रंग भाडेकरूच्या खर्चाने. वास राहिला की नाही हे ठरवणार कोण? घरमालक. तो मसुदा तिथेच ठेवून आम्ही उठलो.

आणि त्याच्याही आधीचा प्रश्न असतो, तो व्हॉट्सअॅपवर येतो: ‘युवर प्रोफाइल?’ किती ‘पॅक्स’ (म्हणजे माणसं), कुठला देश, कुठला पास, कधीपासून, बजेट किती. ‘इंडियन’ लिहिलं की काही एजंट परत बोलतच नाहीत. कारण कोणी सांगत नाही, विचारत बसू नका. थोडं लागतं मनाला, मग सवय होते.

माझा उपाय क्रूर आहे पण वेळ वाचवतो. पहिल्याच निरोपात स्पष्ट लिहा: आम्ही रोज दोन वेळा भारतीय स्वयंपाक करतो, फोडणी आणि तळण धरून. निम्मे जण गायब होतील, होऊ देत. उरतील त्यांचीच घरं बघा, आणि तेच वाक्य लेटर ऑफ इंटेंटमध्ये (कराराआधी घर घ्यायची तयारी लिहून देतात ते पत्र) व करारातही घालून घ्या. ‘हो हो, नो प्रॉब्लेम’ हे तोंडी उत्तर कवडीमोलाचं आहे. मालक त्याच घरात राहत असलेली खोली तर जेवण घरी करणाऱ्याने घेऊच नये. भाडं कमी असतं, पण संध्याकाळी सातनंतर स्वयंपाकघर बंद, पाहुणे बंद, कपडे धुणं आठवड्यातून ठरावीक वेळाच.

भारतीय पासपोर्टवाल्यांना कोट्याचाही फटका बसतो. पूर्ण एचडीबी घर भाड्याने घ्यायचं असेल तर त्या परिसरात ८ टक्के आणि त्या ब्लॉकमध्ये ११ टक्के अशी बिगर-नागरिकांची मर्यादा आहे. मलेशियन लोकांना ती लागू नाही, आपल्याला आहे. त्यामुळे घर आवडण्याआधी विचारा की ब्लॉकचा कोटा शिल्लक आहे का. खोली घेणाऱ्याला किंवा खाजगी काँडोत (म्हणजे खाजगी संकुलातल्या फ्लॅटमध्ये) राहणाऱ्याला ही भानगड नाही. एचडीबीत किमान भाडेकरार ६ महिन्यांचा, खाजगी घरात ३ महिन्यांचा. ‘एक महिना राहून बघा’ म्हणणारा माणूस बेकायदा काम करतोय. सुरुवातीचे दिवस हॉटेल किंवा सर्व्हिस अपार्टमेंटमध्येच काढा, महाग असलं तरी. तसंच, भाडेकरूने पुढे दुसऱ्याला दिलेली एचडीबीची खोली घेऊ नका. तोही गुन्हा, आणि बाहेर काढले जाता तुम्ही. सिंगपास (सरकारी कामांसाठीचं डिजिटल ओळखखातं) हाती आलं की एचडीबीच्या संकेतस्थळावर आपलं नाव भाडेकरू म्हणून नोंदलंय का ते बघता येतं. बघाच.

आता पैसे. घर पसंत पडलं, भाडं ठरलं, आणि एजंटाने शांतपणे सांगितलं की एक महिन्याचं कमिशन तुमच्याकडून, वर ९ टक्के जीएसटी. ‘मार्केट प्रॅक्टिस.’ हा एजंट घरमालकाचा होता. जाहिरात त्याचीच, किल्ल्या त्याच्याकडे, मालकाशी तोच बोलणार. मग मी त्याला का द्यायचे? म्हणे, ‘आय हेल्प बोथ साइड्स.’ इथे नीट लक्ष द्या: सिंगापुरात एका व्यवहारात एकाच एजंटाने दोन्ही बाजूंचं काम करायला कायद्याने बंदी आहे. एजंटांवर सीईए नावाची सरकारी संस्था लक्ष ठेवते, आणि प्रत्येक एजंटाचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक तिच्या यादीत सापडतो. फोन नंबर टाकूनही शोधता येतो. मी त्याला एवढंच लिहून पाठवलं, ‘तुम्ही या व्यवहारात कोणाचे एजंट आहात ते कृपया लेखी कळवा.’ दुसऱ्या दिवशी कमिशनचा विषय विरून गेला. माफी नाही, खुलासा नाही. त्या संध्याकाळी मी सेरंगून रोडवर अक्षरशः तरंगत चालले होते, म्हणून हा सल्ला जरा जास्त ठासून देते आहे: भांडू नका, लेखी विचारा.

तुम्ही स्वतः नेमलेला एजंट असेल तर कमिशन रास्त आहे, साधारण दर वर्षाच्या कराराला अर्धा महिना अशी पद्धत दिसते. पण दर सरकारने ठरवलेला नाही, घासाघीस करा. आणि एचडीबीच्या घराचं भाडं किंवा डिपॉझिट एजंटाच्या खात्यात कधीही भरू नका, ते पैसे हाताळायला त्याला मनाई आहे. घर न दाखवता ‘व्ह्यूइंग डिपॉझिट’ मागणारा सरळ चोर.

डिपॉझिट साधारण एका वर्षाला एक महिना, दोन वर्षांना दोन महिने. मुद्रांक शुल्क भाडेकरूने भरायचं, एकूण भाड्याच्या ०.४ टक्के, सही झाल्यापासून १४ दिवसांत. समजा महिन्याचं भाडं २,८०० सिंगापूर डॉलर आणि करार दोन वर्षांचा, तर २६८ डॉलर. ते भरलं नाही तर भांडणात तो करार पुरावा म्हणून उपयोगाचा राहत नाही. दोन वर्षांचा करार करत असाल तर डिप्लोमॅटिक क्लॉज हवाच. नोकरी गेली किंवा बदली झाली तर वर्षानंतर दोन महिन्यांच्या नोटिशीवर सुटता येतं. हे कलम नसलेला करार कितीही स्वस्त असो, नको.

एसीची सफाई दर तीन महिन्यांनी भाडेकरूच्या खर्चाने, पावत्या जपून ठेवा. किल्ली मिळाल्यावर सामान आत नेण्याआधी भिंती, शेगडी, पडदे, फरशी यांचे तारखेसकट फोटो काढून मालकाला पाठवा. पुढे डिपॉझिट अडवलंच तर दोन वर्षांपर्यंतच्या करारासाठी स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनल आहे, २०,००० डॉलरपर्यंत, आणि तिथे वकील लागत नाही.

जागा कुठली? ऑफिस चांगी बिझनेस पार्कला असेल तर सिमेई, टँपिनीस, बेडोक. बरेच भारतीय, प्रवास सोपा. लिटल इंडियात भाजी हाकेच्या अंतरावर, पण रविवारी गर्दी असह्य. पुंगोल नवं आणि नीटनेटकं, दूर आहे. 

मिक्सर घेऊन या, व्होल्टेज २३० आहे, चालतो. पिना मात्र ब्रिटिश चौकोनी, अडॅप्टर लागेल. हिंग, गोडा मसाल्यासाठी धणे-खोबरं वगैरे ओझं वाहू नका, लिटल इंडियातलं टेक्का मार्केट आणि आसपासच्या दुकानांत बहुतेक मिळतं. कुकर आणण्याआधी घरात गॅस आहे की इंडक्शन ते विचारा. इंडक्शनवर साधा अॅल्युमिनियमचा कुकर चालत नाही.