आकाशातला विद्युतप्रवाह जमिनीवरून कसा मोजता?

भूचुंबकत्वाच्या नोंदींवर काम करतो म्हटलं की लोक हमखास विचारतात, "विजेचा प्रवाह शंभर किलोमीटर वर आणि तुमचं यंत्र जमिनीवर. मग कळतं कसं?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: वजाबाकी करून.

चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जिथे अगदी आडवं असतं ती रेषा, भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. त्याच्या दोन्ही बाजूंना जेमतेम तीन-तीन अंशांच्या पट्ट्यात, साधारण १०५ किलोमीटर उंचीवर, दिवसा पूर्वेकडे जोरदार प्रवाह वाहतो. हा इलेक्ट्रोजेट. त्याचं चुंबकीय क्षेत्र खाली जमिनीवर उत्तरेकडे असतं, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्रात भरच पडते. तमिळनाडूत दक्षिण टोकाजवळ असलेल्या तिरुनेलवेलीच्या वेधशाळेचा आलेख सकाळपासून चढू लागतो आणि दुपारच्या आसपास माथा गाठतो. हा चढ शंभरेक नॅनोटेस्लाचा (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक), आणि मूळ क्षेत्र ४०,०००च्या घरात!

त्या चढात इतरांचाही वाटा असतो. आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात) दिवसाच्या बाजूला दूरवर पसरलेला सौम्य प्रवाह असतो, शिवाय पृथ्वीभोवती हजारो किलोमीटरवरून फिरणारा वलयप्रवाह. अलिबागच्या वेधशाळेत हे दोन्ही जाणवतात, इलेक्ट्रोजेट मात्र नाही. ते पट्ट्याच्या बरंच बाहेर आहे, आणि रेखांशात फारसा फरक नाही, म्हणजे दिवसाची वेळही जवळपास सारखीच. दोन्हीकडे मध्यरात्रीची पातळी शून्य धरायची आणि तिरुनेलवेलीतून अलिबाग वजा करायचं. उरतो तो बहुतांशी इलेक्ट्रोजेट.

अलिबागच का, तर ट्रामपायी. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईत ट्राम विजेवर धावणार असं ठरल्यावर हे काम अलिबागला हलवलं. १९०४ पासून तिथे नोंदी आहेत. वरचा प्रवाह मोजायचा तर रस्त्यावरचा टाळायलाच हवा.

कधी कधी दुपारी वजाबाकी चक्क उणे येते. म्हणजे वर प्रवाहाने दिशा बदललेली असते, तो पश्चिमेकडे वाहतोय. अशा दिवसाचा आलेख मी आधी उघडतो.

दोन ठिकाणांवरून जोर कळतो, नकाशा नाही. त्यासाठी दक्षिणोत्तर रांग लागते. प्रवाहाच्या उत्तरेला क्षेत्राचा उभा घटक एका दिशेचा असतो, दक्षिणेला उलट. तो जिथे शून्य होतो त्याच्या वर प्रवाहाचा मध्य. कागदावर सोपं आहे. पण आपल्याकडे दक्षिणेला लगेच समुद्र, तिथे वेधशाळा कुठे बांधणार? त्यात वरचा प्रवाह बदलला की खाऱ्या पाण्यात आणि जमिनीखालीही प्रवाह उपजतात, आणि दक्षिण टोकाला उभ्या घटकाचा पार विचका करतात. तिथला उभा घटक मी तरी जपूनच वापरतो.

उंची जमिनीवरून ठरत नाही. खाली मिळणारं तेच क्षेत्र वेगळ्या उंचीवरचा वेगळ्या पसाऱ्याचा प्रवाहही देऊ शकतो. त्यासाठी प्रवाहातूनच जावं लागतं. रॉकेटं सोडायला केरळमधलं थुंबा हे गाव निवडलं ते चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे म्हणूनच. तिथून पहिलं रॉकेट २१ नोव्हेंबर १९६३ला उडालं, आणि पुढच्या काही रॉकेटांनी मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र) वर नेऊन प्रवाहाचा थर नेमका कुठे आहे ते दाखवलं.