हिरवं, लाल, पिवळं

झटक्यानंतर हवालदार काकांच्या तोंडी दोनच शब्द राहिले होते, "तेच ते". चहा हवा असला की तेच ते, डास चावला की तेच ते, नातू पास झाल्याचं कळलं तेव्हा डोळ्यांत पाणी आणि तेच ते. मी मिरजेत स्पीच थेरपिस्ट आहे, हे माझं चौदावं वर्ष, त्यामुळे असे पेशंट बरेच पाहिलेत. 1861 मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका यांनी ज्या पेशंटवरून मेंदूतली बोलण्याची जागा ओळखली, त्यालाही फक्त "टान" म्हणता यायचं. हॉस्पिटलात सगळे त्याला टान म्हणूनच हाक मारायचे. आमच्या काकांची 36 वर्षं पोलिसात गेली होती, म्हणून आम्ही त्यांना हवालदार काकाच म्हणत राहिलो.

पुढे लिहिलेलं सगळं त्यांना वाचून दाखवलं आहे. गावाचं नाव गाळलं आहे. त्यांनी हिरवं कार्ड ठेवलं, मगच हे लिहायला बसले.

या आजाराला वाचाघात म्हणतात. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तपुरवठा तुटला की बहुतेक वेळा उजवा हात-पाय जातो आणि सोबत भाषा जाते. भाषा जाते, अक्कल जात नाही. हे नातेवाइकांच्या गळी उतरवण्यात माझा निम्मा वेळ जातो. लोक अशा माणसाशी एक तर ओरडून बोलतात, नाही तर लहान मुलाशी बोलावं तसं. काही दिवसांनी त्याच्याशी बोलणंच सोडतात, त्याच्याविषयी त्याच्यासमोर बोलायला लागतात. ते मला अजून सहन होत नाही.

मग उरतं हो आणि नाही. ऐकायला सोपं वाटतं, तसं ते नसतं. सुरुवातीला पेशंटला "हो" म्हणायचं असतं आणि तोंडातून "नाही" निघतं. मागच्या प्रश्नाचं उत्तरच पुढच्याला चिकटून येतं. आपल्याकडे मान डोलावायच्या इतक्या तऱ्हा आहेत की घरचेही चकतात. शिवाय "जेवला नाहीत ना?" या प्रश्नाला "हो" आलं तर त्यातून काय समजायचं? म्हणून मी प्रश्नात "नाही" येऊ देत नाही आणि उत्तर कार्डावर घेते. हिरवं म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. उत्तर भरवशाचं आहे का, हे आधी तपासावं लागतं. आमच्या एका चाचणीत त्यासाठी हो-नाहीचे बरोबर वीस प्रश्न असतात. तुमचं नाव अमुक आहे का, जूनच्या आधी मार्च येतो का, केळं खायच्या आधी सोलतात का, असले. काकांना हे वीस पक्के व्हायला अडीच महिने लागले.

दर शनिवारी दुपारी पाच-सहा पेशंट आणि त्यांच्या घरचे असा आमचा गट बसतो. तिथे मी गुन्ह्यांची कोडी आणली. एक विचित्र प्रसंग सांगायचा, खरी हकीकत एकालाच ठाऊक, बाकीच्यांनी फक्त हो-नाहीचे प्रश्न विचारून ती शोधून काढायची. अशा आडवाटेच्या विचाराला 'लॅटरल थिंकिंग' हे नाव 1967 मध्ये माल्टाच्या डॉक्टर एडवर्ड द बोनो यांनी दिलं. मला मात्र या खेळात वेगळंच काही दिसलं. यात ज्याला सगळं माहीत असतं, त्याला बोलावंच लागत नाही. हो, नाही आणि "फरक पडत नाही" एवढं सांगता आलं की झालं. तिसऱ्यासाठी मी पिवळं कार्ड केलं. विचारणाऱ्यालाही वाक्याची गरज नाही. मराठीत एका शब्दाला शेवटी जरा वर उचललं की प्रश्न होतो. "पैसा?" "मेला?" "बाई?" ज्याला दिवसभरात चार शब्द सापडतात, तोही तपास करू शकतो.

हवालदार काकांनी आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारले होते. इथे ते उत्तरं देणारे झाले. पहिल्या दिवशी त्यांना चिठ्ठीवर चित्र काढून दिलं होतं. कोडं असं : बंद खोलीत राजा आणि राणी मरून पडलेत, बाजूला फुटलेली काच आणि पाणी, आणि कुणालाच शिक्षा झाली नाही. विष झालं, चाकू झाला, गळा दाबणं झालं, काका एकामागून एक लाल कार्ड ठेवत राहिले. शेवटी बँकेतून रिटायर झालेल्या काकूंनी, ज्या एरवी "बरं" आणि "नको" यापलीकडे जात नाहीत, बोटानं कपाळ दाबत एक शब्द काढला. "माणूस?" काकांनी लाल कार्ड टेबलावर असं आपटलं की चहा सांडला. राजा-राणी हे मासे होते. हंडी मांजरानं पाडली होती. त्या दिवशी काका झटक्यानंतर पहिल्यांदा पोट धरून हसले, असं त्यांच्या बायकोनं सांगितलं.

ज्या शनिवारबद्दल लिहायचं आहे, त्या दिवशीचं कोडं साधं होतं. एक माणूस टपरीवर येऊन पाणी मागतो, टपरीवाला पाणी न देता एकदम चाकू उगारतो, माणूस "उपकार झाले" म्हणून निघून जातो. त्याला उचकी लागलेली असते, दचकल्यावर ती थांबते. चिठ्ठी काकांकडे होती.

"ओळख?" पोरानं विचारलं. पोरगा चोवीस वर्षांचा, बाइकवरून पडलेला. काकांनी हिरवं ठेवलं. चिठ्ठीप्रमाणे लाल हवं होतं.

"पैसा?" हिरवं. पुन्हा चूक.

"बाई?" हिरवं.

"रात्र?" हिरवं, आणि या वेळी कार्ड ठेवून त्यांनी त्यावर तळवा दाबून धरला.

माझ्या पोटात गोळा आला. एकच उत्तर पुन्हा पुन्हा येणं म्हणजे मागचं लक्षण परतलं, किंवा त्याहून वाईट, दुसरा झटका. मी खेळ थांबवला. चेहरा पाहिला, आधी होता त्याहून वाकडा नव्हता. डावा हात वर करायला लावला, सरळ राहिला. सिस्टरनी बीपी मोजलं, ठीक होतं. मग मी खुर्ची ओढून समोर बसले आणि परीक्षेचे प्रश्न विचारले. जूनच्या आधी मार्च येतो का? हिरवं. मार्चच्या आधी जून येतो का? लाल. केळं सोलायच्या आधी खातात का? लाल, आणि माझ्याकडे असे बघितले की मलाच ओशाळायला झालं.

म्हणजे उत्तरं बरोबर होती, चूक माझ्या प्रश्नात होती.

"काका, तुम्ही या चिठ्ठीतलं कोडं सांगताय का?"

लाल.

"दुसरं सांगताय?"

हिरवं.

"कुठे ऐकलेलं?"

लाल.

"तुमच्या नोकरीतलं?"

काकांनी हिरवं कार्ड टेबलावर ठेवलं नाही, माझ्या हातात दिलं. "तेच ते," म्हणाले. इतके महिने ऐकलेले ते दोन शब्द त्या दिवशी मला नीट ऐकू आले.

उचकीचं कोडं बाजूला पडलं. इथून पुढचा तपास माझा नव्हता, गटाचा होता. मी फक्त फळ्यावर लिहीत गेले. आमच्यातले गुरुजी गणिताचे. आकडा तोंडानं सांगता येत नाही, पण पाटीवर बोट अचूक फिरतं. काकूंकडून (हवालदार काकांची बायको) नोकरीचं पहिलं आणि शेवटचं वर्ष घेतलं, 1981 आणि 2017. गुरुजींनी पाटीवर एक ओळ मारली आणि बरोबर मधोमध बोट ठेवलं. "आधी?" 1999 च्या आधी, हो. पुन्हा निम्मं. 1990 च्या आधी, हो. 1985 च्या आधी, नाही. 1987 च्या आधी, नाही. 1988 च्या आधी, हो. पाच प्रश्नांत 1987 हाती लागलं. सहापेक्षा जास्त लागलेच नसते. दर प्रश्नाला निम्मी शक्यता गळते, दहा प्रश्नांत हजारावर आणि विसात दहा लाखांवर गोष्टींतून एक निवडता येते. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पाटीवरचं गुरुजींचं बोट बघताना ते पटलं.

1987 मध्ये काका हवालदार नव्हते, साधे शिपाई होते.

चोरी? हिरवं. काकांनी डाव्या हाताचं बोट गळ्याभोवती फिरवलं. माळ? हिरवं. सोनं? हिरवं. बोरमाळ, हे काकूंनी सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज बदलला. "आवं, माझ्या माहेरची गोष्ट हाय का ही? वाड्यावरची?"

हिरवं.

काकूंना पुढचं माहीत होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. वाड्यावर धुणं-भांडी करणाऱ्या बाईनं बोरमाळ चोरली, पोलिसांनी तिला चौकीवर नेलं, एक रात्र ठेवलं, माळ काही मिळाली नाही. (आज अपवाद सोडता सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही. तो नियम 2005 च्या दुरुस्तीनं आला.) ती पुढे गाव सोडून गेली. "सगळं गाव तिला चोरटी म्हनायचं," काकू म्हणाल्या. "मी बी."

काकांनी लाल कार्ड उचललं आणि धरून ठेवलं.

"तिनं... नाही?" पोरानं विचारलं. मी नेहमीप्रमाणे प्रश्न सरळ करून दिला : तिनं चोरली का? लाल. मग चोर सापडला का? हिरवं. माळ सापडली? हिरवं. चोराला शिक्षा? लाल. वाड्यातलं कुणी? लाल. गावातलं? लाल. पोलिसांपैकी? लाल. खोलीत कुणी बोलेना. पंखा तेवढा चालू होता. गुरुजींनी पाटी पुसून टाकली.

बँकेतल्या काकूंनी कपाळाला बोट लावलं. मला कळलं त्या काय म्हणणार आहेत, आणि तो शब्द मी आधी बोलू नये म्हणून ओठ आवळून बसले.

"माणूस?"

लाल.

"उंदीर?" पोरगा. काकांनी डावा पंजा आणखी लांब धरून दाखवला. "घूस!" काकू ओरडल्या.

ज्यांनी जुनी घरं पाहिलीत त्यांना सांगायला नको. घूस कणगीखाली बीळ करते आणि हाताला लागेल ते आत ओढते, चिंध्या, कागद, चमकणारं काहीही. दिवाळीआधी वाडा सारवायला काढला, कणगी हलवली, बीळ खणलं, त्यात बोरमाळ. खणताना काका तिथे होते का? हिरवं. गावाला कळलं? लाल. वाड्यानं गप्प राहायला सांगितलं? हिरवं. तिला कुणी सांगितलं? लाल.

मग पोरानं विचारलं, "मारलं?" त्या रात्रीबद्दल. मी त्याला थांबवणार होते. काकांनी हिरवं ठेवलं.

"तुम्ही?"

लाल.

पुढचा प्रश्न गटातल्या कुणी विचारला नाही, काकूंनी विचारला. खुर्ची नवऱ्याकडे वळवून, त्यांच्या निर्जीव उजव्या हातावर हात ठेवून. "थांबवलंसा का?"

अडतीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला असं विचारणं सोपं नव्हतं. काकांनी तिन्ही कार्डं एकदा बघितली. लाल ठेवलं.

"त्या दिवाळीला यांनी फराळाला हात लावला न्हाई," काकू मला म्हणाल्या. "मला वाटलं पोट बिघडलंय. लेकरू तान्हं हुतं, मी बी इचारलं न्हाई." मग परत त्यांच्याकडे वळून : "ती हाय का अजून?"

काकांचा हात कार्डांवर फिरत राहिला. हिरवं नाही, लाल नाही. पिवळ्याला बोट लागलं तसं त्यांनी ते दूर सारलं, चिडून. फरक पडत नाही असं कसं म्हणणार. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतके महिने मी या माणसाला "माहीत नाही" म्हणायची सोय दिलीच नव्हती. ड्रॉवरमधून जाड कागद काढला, कार्डाएवढा कापला, वर प्रश्नचिन्ह काढलं. काकांनी ते पांढरं कार्ड घेतलं आणि काकूंच्या मांडीवर ठेवलं.

त्या दिवशी कुणी कोड्याला टाळ्या वाजवल्या नाहीत. गुरुजी जाताना काकांच्या खांद्यावर थोपटून गेले.

पुढच्या शनिवारी काका आले नाहीत, काकू एकट्या आल्या. माहेरी फोनाफोनी करून त्यांनी शोध लावला होता. ती बाई आहे. लेकीकडे असते, पलीकडच्या तालुक्यात, ऐकायला कमी येतं पण हिंडती-फिरती आहे. रविवारी गाडी करून जायचं ठरलं होतं. "ती कार्डं दोन दिवस द्या, मॅडम. ती काय इचारंल त्ये ह्यांनी सांगाया पायजे. मी मधी बोलनार न्हाई."

चारही कार्डं रबर लावून दिली. काकू उठल्या नाहीत.

"आनी एक करून द्या."

त्यावर काय लिहू, असं विचारलं. काकूंनी पदर खांद्यावर घेतला आणि दोन्ही हात जोडून दाखवले. काकांचा उजवा हात उचलत नाही, एका हातानं त्यांना तसं करता येत नव्हतं. मी नवा कागद कापला आणि जोडलेल्या हातांचं चित्र काढायला घेतलं.