आर्वी ते बर्डी : तबकड्या अन् टर्नटेबलची खरेदी

आर्वीहून सकाळची एसटी धरली की तळेगाव, कारंजा, कोंढाळी करत तीनेक तासांत नागपूर. गणेशपेठ स्टँडवरून बर्डी (सीताबर्डीचा बाजार) जवळच. दुकानांची शटरं उशिरा वर जातात, त्यामुळे तर्री-पोहा निवांत होतो. फक्त नंतर हात साबणाने धुवा. तेलकट बोटाचा ठसा तबकडीवर उमटला की धूळ नेमकी तिथेच धरते.

पिशवीत घड्याळजीचं भिंग, छोटी टॉर्च, हेडफोन आणि ओळखीची एक एलपी (मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी तबकडी). दुकानदार वाजवून दाखवतो ती रेकॉर्ड त्याच्या मशीनला साजेशीच असते.

आम्ही जुन्या मालापासून सुरुवात करतो. एलपी डोळ्याच्या रेषेत आडवी धरायची, कड वाकडी असली तर लगेच दिसते. मग टॉर्च तिरपी मारायची. केसासारख्या रेघा चालतात, पण नखाला लागणारी चीर सुई उडवते. पांढुरके ठिपके म्हणजे बुरशी. ती डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून निघते. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीला मात्र अल्कोहोल लावायचं नाही, लाख विरघळते. शिवाय 78 ची खाच रुंद असते. तिला 3 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, तर एलपीची साधारण 0.7 मिलची असते.

टर्नटेबल (तबकडी फिरवणारं मशीन) उलटं करून खालची पट्टी वाचल्याशिवाय भाव विचारू नये. जपानहून आलेलं मशीन 100 व्होल्टचं असतं. आपल्या 230 वर सरळ लावलं तर ट्रान्सफॉर्मर गेलाच. स्टेपडाउन लावून व्होल्टेजचा प्रश्न सुटतो, हर्ट्झचा नाही. 60 हर्ट्झचं एसी मोटर असलेलं बेल्टवालं मशीन आपल्या 50 वर 33⅓ ऐवजी जेमतेम 28 फेरे घेतं आणि गाणं रडायला लागतं. पुली बदलावी लागते. टेक्निक्स एसएल-1200 एमके2 या टर्नटेबलचा वेग आतला क्वार्ट्झ स्फटिक सांभाळतो, त्याला हर्ट्झची कटकट नाही. हे मॉडेल 1979 चं, त्यामुळे पिच स्लायडर (वेग कमीजास्त करणारी सरकपट्टी) मळलेला निघतो. तो हळूहळू सरकवत वेग मध्येच उडी मारतो का ते बघा. मग हेडशेल (सुईचं पुढचं डोकं) दोन बोटांत धरून आर्म (सुईचा दांडा) अगदी अलगद हलवा. टकटक जाणवली तर बेअरिंग सैल आहे.

"भाऊ, वजन लावून द्या" असं म्हटलं की काही दुकानदार अंदाजाने काउंटरवेट फिरवतात. तसं चालत नाही. अँटिस्केट (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून असलेली कळ) शून्यावर ठेवा, आर्म हवेत आडवा तरंगेपर्यंत मागचं वजन फिरवा, आकड्यांची रिंग शून्यावर आणा आणि मग कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या डबीला) लागतील तेवढे ग्रॅम लावा. डीजेच्या स्क्रॅचच्या (तबकडी हाताने मागेपुढे घासायच्या) कार्ट्रिजला साधारण 3.

मिक्सरला टर्नटेबलची वायर 'फोनो' लिहिलेल्या सॉकेटमध्येच जाते. 'लाइन'ला लावली तर आवाज बारीक आणि बास गायब, कारण कार्ट्रिजमधून निघतात अवघे काही मिलिव्होल्ट. चिमट्याच्या टोकाची बारीक ग्राउंड वायर सुटली असेल तर नुसतं घूंऽऽ.

पुढच्या काउंटरवर पोळा-गणपतीच्या तयारीतल्या पोट्ट्यांची डीजे कंट्रोलरला (लॅपटॉपवरची गाणी मिसळणाऱ्या पेटीला) गर्दी. दिव्यांकडे कमी आणि मागच्या बाजूला जास्त बघावं. स्वस्त कंट्रोलरला मास्टर आउट (आवाज बाहेर देणारं सॉकेट) आरसीएच, म्हणजे टीव्हीच्या लाल-पांढऱ्या पिनेचाच असतो. तीच वायर ट्रॉलीवर वीस मीटर ओढली तर जनरेटरची घरघर आत शिरते. आरसीए मीटरभरच ठेवून शेजारच्या मिक्सरमध्ये टाका आणि तिथून एक्सएलआरने (माइकच्या तीन पिनांच्या वायरने) पुढे न्या. घरघर तरीही उरली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. ती बंद झाली तर दोष अर्थिंगच्या फेऱ्यात आहे, कंट्रोलर बदलून मागू नका.

परतीच्या बसची तयारी दुकानातच करतो. हेडशेल आणि काउंटरवेट काढून वेगवेगळं गुंडाळायचं, प्लॅटर (फिरती थाळी) उचलून घ्यायचा, आर्म स्टँडला दोऱ्याने बांधायचा. प्लॅटर तसाच राहिला तर खड्ड्यांत बेअरिंगला मार बसतो. मशीन अकरा-बारा किलोचं आहे, ते दोन पायांमध्ये ठेवायचं. एलपी उभ्या, घट्ट, खोक्यात. मे महिन्यात खिडकीची जागा त्यांना द्यायची नाही. कोंढाळी येईपर्यंत वरच्या दोन वाकतात.

घरी फडताळ भिंतीत पक्कं करून स्पिरिट लेव्हलवर मशीन बसवा. पत्र्याच्या टेबलावर मशीन ठेवलं तर शेजारी पाऊल टाकलं तरी सुई उडते.